नाल्याच्या काळ्या गाळात एमएफसी: ०.९२ व्होल्ट दिसतात, पण लोड लावला की सगळं बसतं

नालाकाठ_धुळे

राम राम मंडळी. पांझरेला मिळणाऱ्या एका नाल्यावर आमच्या गावाचा जुना बंधारा आहे. त्यामागे चाळीसेक घरांचं सांडपाणी साचून डबकं झालंय: लांबी १२ मीटर, रुंदी ८ मीटर. मार्चमध्ये मधोमध ७० सेंटीमीटर पाणी आहे, खाली सरासरी ३५ सेंटीमीटर काळा गाळ. काठी खुपसली की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. टीडीएस मीटर ६५० दाखवतो.

काठाजवळ ३५ सेंटीमीटर पाण्यात सूक्ष्मजीव इंधन घट, म्हणजे गाळातल्या जिवाणूंकडून वीज घेणारी एमएफसी, लावून पाहिली आहे. ५ मिलिमीटर जाडीच्या कार्बन फेल्टचे (कार्बनच्या धाग्यांचं जाड कापड) ३० × ३० सेंटीमीटरचे दोन तुकडे. ॲनोड, म्हणजे जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन घेणारा तुकडा, गाळात ८ सेंटीमीटर खाली आडवा पुरलाय. कॅथोड, म्हणजे ते इलेक्ट्रॉन पाण्यातल्या ऑक्सिजनला देणारा तुकडा, थर्माकोलला बांधून पाण्याखाली ३ सेंटीमीटरवर ठेवलाय. दोन्हींत बांधकामाची जीआय तार ओवून वर आणली आहे.

तिसऱ्या दिवसापासून मल्टिमीटरवर ०.९२ व्होल्ट येतात. १०० ओहमचा रेझिस्टर लावला की ०.०४ व्होल्टवर बसतं. अकरा दिवस झाले, हाच आकडा. लाल एलईडी लावला तर लुकलुकतही नाही. कुठे चुकतंय? आणि अख्खं डबकं स्वच्छ करायचं तर असे किती तुकडे लागतील? ग्रामपंचायत फेल्टचा खर्च करायला तयार आहे, म्हणून आकडा पक्का हवा.

तापीखोरं

दादा, फेल्टची ऑर्डर आज देऊ नका.

तुमचे ०.९२ व्होल्ट जिवाणूंचे नाहीत, जस्ताचे आहेत. गाळातला चांगला ॲनोड हायड्रोजनच्या प्रमाण इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.२ ते उणे ०.३ व्होल्टपर्यंत जातो. पाण्यातल्या साध्या कार्बन कॅथोडवर ऑक्सिजन अधिक ०.३ ते ०.५ च्या आसपास थांबतो. त्यामुळे अशा घटाचं उघडं, म्हणजे लोड न लावता येणारं, व्होल्टेज ०.५ ते ०.८ मध्ये पडतं. त्याहून जास्त आकडा दिसला की पहिला संशय धातूवर घ्यायचा. जीआय तारेवरचं जस्त आणि वरचा कार्बन मिळून तुमच्याकडे साधी जस्त-हवा बॅटरी तयार झाली आहे. खात्री करायची तर फेल्ट बाजूला ठेवा आणि नुसती जीआय तार गाळात खुपसून कॅथोडशी मोजा. आकडा तसाच आला तर प्रश्न मिटला. तांब्याची तारही नको. ती गाळातल्या सल्फाइडने काळी पडून कुजते, आणि सुटलेलं तांबं ज्या जिवाणूंना पोसायचंय त्यांनाच मारतं.

आता दुसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न. व्होल्टवरून सफाई कळत नाही, ती करंटवरून मोजायची. सेंद्रिय घाण खाताना जिवाणू जेवढे इलेक्ट्रॉन ॲनोडला देतात, तेवढीच सफाई तुमच्या घटामुळे झाली. हिशोब सोपा आहे. सीओडी म्हणजे सेंद्रिय घाण पूर्ण जाळायला लागणारा ऑक्सिजन, घाणीचं नेहमीचं माप. ८ ग्रॅम सीओडी म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे ९६,४८५ कुलोम. १ मिलिअँपिअर दिवसभर वाहिला तर ८६.४ कुलोम, म्हणजे ७ मिलिग्रॅम सीओडी. तुमच्या १०० ओहमवर ०.०४ व्होल्ट म्हणजे ०.४ मिलिअँपिअर, आणि तो सगळा जिवाणूंचा धरला तरी दिवसाला ३ मिलिग्रॅमसुद्धा नाही.

समजा सगळं नीट जमलं आणि चौरस मीटरला ३० मिलिअँपिअर मिळाले. गोड्या पाण्याच्या गाळात हा बरा आकडा आहे. डबक्याचा ९६ चौरस मीटरचा तळ फेल्टने पूर्ण झाकला तरी एकूण करंट २.९ अँपिअर होतो आणि दिवसाला साधारण २० ग्रॅम सीओडी जातो. एका माणसाच्या एका दिवसाच्या सांडपाण्यात याच्या दुपटीहून जास्त सीओडी असतो, आणि तुमच्याकडे चाळीस घरं रोज ओततायत. आधीच साचलेला गाळ पाहा: ३३ घनमीटर, घनमीटरमागे ३०० किलो कोरडा, त्यात ८ टक्के सेंद्रिय धरला तर ८०० किलो भरतो. वीस ग्रॅमच्या चालीने तो संपायला शंभराहून जास्त वर्षं लागतील. म्हणून "किती तुकडे" याला उत्तरच नाही. वरून येणारं सांडपाणी चालू असेपर्यंत कितीही तुकडे कमीच पडणार.

मग एमएफसी निकामी का? अजिबात नाही. गाळात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरपलीकडे उतरत नाही, आणि तिथे एरेटर, म्हणजे हवा सोडणारं यंत्र, लावला तर गाळच उसळतो. इलेक्ट्रोड मात्र दहा सेंटीमीटर खाली बसून इलेक्ट्रॉन वर नेऊ शकतो. त्याच्या आजूबाजूच्या काही सेंटीमीटरच्या थरात सल्फाइड कमी होतं, वास मरतो, मिथेन करणाऱ्या जिवाणूंच्या तोंडचा घास पळतो. डिझेल-ऑइल मुरलेल्या गाळात तर हा फायदा मोठा, कारण ते हायड्रोकार्बन ऑक्सिजनविना फार संथ कुजतात. सांडपाणी बंद झाल्यावर उरलेला गाळ सुधारायचं हे काम आहे, वाहत्या घाणीवरचं नाही.

शिवाय सफाई हवी की वीज, हे आधी ठरवा, कारण दोन्ही एकाच वेळी जास्तीत जास्त मिळत नाहीत. सर्वाधिक पॉवर मिळते तेव्हा बाहेरचा रेझिस्टन्स घटाच्या आतल्या रेझिस्टन्सइतका असतो. सर्वाधिक करंट, म्हणजे सर्वाधिक सफाई, मिळते ती दोन्ही टोकं थेट जोडल्यावर. या थेट जोडलेल्या प्रकाराला स्नॉर्कल म्हणतात. पाण्याखाली पोहणाऱ्याच्या तोंडात श्वासाची नळी असते तसा एकच कार्बनचा पट्टा, खालचं टोक गाळात आणि वरचं ऑक्सिजनच्या पाण्यात. एलईडी नाही, सर्किट नाही. तुमच्या कामाला तोच योग्य. करंट कळावा म्हणून मध्ये १० ओहमचा रेझिस्टर ठेवा: ३० मिलिव्होल्ट दिसले की ३ मिलिअँपिअर.

पण स्नॉर्कलच्या वरच्या टोकाला ऑक्सिजन लागतो आणि सांडपाण्याच्या डबक्यात तो रात्री शून्यावर येतो. ३० अंशाच्या स्वच्छ पाण्यातही लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो, ४० अंशाला साडेसहाच्या आत. आपल्याकडच्या मे महिन्यात उथळ पाणी किती तापतं ते सांगायला नको. म्हणून पुन्हा तेच: आधी वरचं सांडपाणी अडवा.

फेल्ट_आणि_तार

वरच्या हिशोबाशी पूर्ण सहमत. बांधणीबद्दल लिहितो, कारण निम्मे घट जिवाणूंमुळे नाही, सांध्यामुळे फसतात.

तार टायटॅनियमची घ्या, ग्रेड २, १ मिलिमीटर. महाग वाटली तर गाळाबाहेरच्या भागाला स्टेनलेस स्टील, एसएस ३१६, चालेल. गाळातल्या सल्फाइड-क्लोराइडमध्ये एसएस ३०४ ला खड्डे पडतात. तार एका कोपऱ्यात अडकवू नका. गोधडीला टाके घालतात तसे ४-५ सेंटीमीटरच्या अंतराने टाके घालत पूर्ण फेल्टभर फिरवा आणि टाके घट्ट ओढा. मग मल्टिमीटरचं एक टोक तारेला, दुसरं फेल्टच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्याला दाबून धरा. कोरड्या फेल्टवर ५ ओहमच्या आत यायला हवं. २०-३० आलं तर पुन्हा टाके घाला. वर टायटॅनियम आणि साधी वायर जिथे जोडाल तो सांधा पाण्याच्या वर असू द्या आणि ॲराल्डाइटने पूर्ण झाकून, श्रिंक स्लीव्ह चढवून २४ तास सुकवा.

नवं फेल्ट पाणी धरत नाही. थेंब टाकून पाहा, मोत्यासारखा वर बसतो. असं फेल्ट गाळात घातलं तर आत हवा अडकून राहते आणि निम्मं क्षेत्रफळ वाया जातं. मफल फर्नेस (प्रयोगशाळेतली भट्टी) मिळत असेल तर ४०० ते ४५० अंशाला अर्धा तास ठेवा, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर भिजवून, न सुकवता थेट पाण्यात टाका आणि तीन पाण्यांनी धुवा. दाबल्यावर बुडबुडा येईनासा झाला की तयार.

आडवा पुरलेला ॲनोड तुमच्यासारख्या बुडबुडे येणाऱ्या गाळात टिकत नाही. मिथेन खाली साठतो आणि आठवड्याभरात फेल्ट फुगून वर येतं. ते उभं खुपसा. आडवंच ठेवायचं तर १५ सेंटीमीटरच्या अंतराने २ सेंटीमीटरची भोकं पाडा. यूपीव्हीसी पाइपच्या चौकटीवर नायलॉन दोरीने ताणून बांधा, दुमड पडू देऊ नका. आपल्याकडची काळी माती फार बारीक असते. अशा चिकट गाळात अन्न सरकत नाही, म्हणून ॲनोडजवळचं संपलं की करंट महिनाभरात उतरतो. घट बिघडलेला नसतो, ॲनोड उपाशी असतो. ३०-४० सेंटीमीटर सरकवून पुन्हा खुपसा.

कॅथोड ॲनोडच्या दुप्पट-तिप्पट घ्या. आपल्या भागातलं पाणी जड, आणि कॅथोडवर ऑक्सिजन वापरला जाताना तिथला पीएच चढतो, त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर फेल्टच्या धाग्यांवर बसतो. दोन-तीन महिन्यांत फेल्ट हाताला पापडासारखं कडक लागायला लागलं की समजा. पातळ व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, फेस यायचा थांबला की धुऊन परत लावा. जलपर्णी आली तर तिच्या सावलीत कॅथोड गुदमरतो, ती काढतच राहावी लागते.

पहिल्या दिवसापासून १००० ओहम लावून ठेवा, सर्किट उघडं ठेवू नका. उघड्या सर्किटमध्ये इलेक्ट्रॉन देणाऱ्या जिवाणूंना काहीच फायदा नसतो, मग मिथेनवाले वरचढ होतात. दोन ते चार आठवड्यांत व्होल्टेज चढून स्थिर झालं की ४७०, मग १००, मग १० ओहम. रोज एकाच वेळी नोंद घ्या. शेवाळ असेल तर दुपारचा आणि पहाटेचा आकडा बराच वेगळा येतो आणि आपण उगाच घाबरतो.

तुमच्या घटात पाण्याचा दोष नाही हेही पाहून घ्या. टीडीएस ६५० म्हणजे कंडक्टिव्हिटी साधारण १००० मायक्रोसिमेन्स. ४० सेंटीमीटर अंतर आणि ०.०९ चौरस मीटर क्षेत्रफळाला पाण्याचा रेझिस्टन्स ४५ ओहमच्या आसपास. ०.४ मिलिअँपिअरला त्यात १८ मिलिव्होल्ट जातात, बाकीचे इलेक्ट्रोडवर आणि सांध्यांत. सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड कॉलेजातून मिळाला तर लोड लावून दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. ॲनोड याच इलेक्ट्रोडच्या तुलनेत (हायड्रोजनच्या नाही) उणे ४०० मिलिव्होल्टच्या आसपास टिकला आणि कॅथोड शून्याच्या बराच खाली कोसळला, तर ऑक्सिजन कमी पडतोय. उलट ॲनोड वर सरकला तर तो उपाशी आहे.

नालाकाठ_धुळे

तापीखोरं भाऊ, नुसती जीआय तार खुपसून पाहिली: ०.८९ व्होल्ट. म्हणजे जस्तच. टायटॅनियमची तार मागवतोय.

ग्रामसभेत लोकांना दाखवायला एलईडी पेटलेला हवा, त्याशिवाय कोणी थांबून ऐकणार नाही. डबक्यात पाच घट लावून सिरीजमध्ये जोडले तर? कोणी म्हणतं शेणकाला घाला, कोणी म्हणतं जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या आणि लोणारी कोळसा वापरला तर फेल्टचा खर्च वाचेल.

जस्तकार्बन

सिरीज एका डबक्यात होत नाही. सगळ्या घटांचं पाणी एकच, त्यामुळे एकाचा कॅथोड आणि दुसऱ्याचा ॲनोड पाण्यातूनच आपसात शॉर्ट होतात. वेगळ्या बादल्यांत व्होल्टेज जोडलं जातं, पण तिथेही लोडखाली सर्वांत कमजोर घट उलटा फिरतो, म्हणजे त्याचा ॲनोड ओढून वर नेला जातो आणि त्यावरचा जिवाणूंचा थर बिघडतो. डबक्यात समांतर जोडा आणि व्होल्टेज चिपने वाढवा. बीक्यू२५५०४ सारखी बूस्ट चिप एकदा चालू झाली की ०.१३ व्होल्टपासून ऊर्जा ओढते, पण पूर्ण बंद असताना सुरू व्हायला तिला साधारण ०.६ व्होल्ट लागतात. म्हणून आधी सुपरकॅपॅसिटर (वीज साठवणारा मोठा कॅपॅसिटर) थोडा चार्ज करून द्या. ०.०९ चौरस मीटरच्या घटाकडून दोनेक मिलिवॅट मिळाले तर फार झालं, त्यातला निम्मा वाटा चिपमध्ये जातो. एलईडीला १० मिलिवॅट लागतात, म्हणजे दहा सेकंद साठवून एक सेकंद चमक. ग्रामसभेला तेवढं पुरेल, फक्त ही रस्त्यावरच्या दिव्याची वीज नाही हे त्याच वेळी स्पष्ट सांगा. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळावर हवामानाची नोंद घेणारा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगतं केंद्र, असाच चालवला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातला सुधारलेला घट सलग ३६ मिलिवॅट देत होता.

शेणकाला घालू नका. व्होल्टेज चढेल, पण मग जिवाणू शेण खातील आणि तुम्ही गाळाची नाही, शेणाची सफाई मोजत बसाल. गाळात जिवाणू आणि अन्न दोन्ही भरपूर आहे.

लोणारी कोळसा बहुधा वीज वाहत नाही, कारण भट्टीचं तापमान कमी पडतं. दोन इंचांचा तुकडा घेऊन दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावा. किलोओहममध्ये आला तर तो फक्त भर आहे. हार्ड कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेला कोक, चालतो. जुन्या सेलच्या कांड्यांना मॅंगनीज डायऑक्साइड आणि झिंक क्लोराइड चिकटलेलं असतं आणि मॅंगनीज कॅथोडवर खोटी पॉवर दाखवतं. खरवडून, उकळून, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवून धुतल्या तर ठीक, पण त्यांचं क्षेत्रफळ इतकं कमी की पन्नास कांड्यांनीही एका फेल्टची बरोबरी होत नाही.

कर्दळ_यावल

वरचं सांडपाणी अडवायचं कसं यावर बोलतो, कारण ग्रामपंचायतीचा पैसा तिथे लागायला हवा.

चाळीस घरं म्हणजे दोनशे माणसं. माणशी ५५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के नाल्यात आलं तर दिवसाला सुमारे ९ घनमीटर. एक दिवस पाणी थांबेल अशी ९ घनमीटरची, दोन-तीन कप्प्यांची सेटलिंग टाकी आधी हवीच. तिच्यानंतर खडी आणि कर्दळीचा वाफा. इथे एक चूक सर्रास होते. अडीच दिवस पाणी थांबलं पाहिजे एवढ्याच हिशोबाने वाफा काढला तर शंभरेक चौरस मीटर येतो, आणि तो घाणीच्या भाराने वर्षभरात तुंबतो. भाराने मोजा: माणशी किमान दीड चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस मीटर, तीन गुंठे. ते १५ × १० मीटरच्या दोन वाफ्यांत विभागा, म्हणजे एकाला विश्रांती देता येते.

खोली ५५-६० सेंटीमीटर. पाणी शिरतं आणि बाहेर पडतं तिथे ४०-६० मिलिमीटरची खडी, मध्ये १०-२० मिलिमीटरची. खडी धुऊनच टाका. क्रशरची कच तशीच गेली तर पहिल्या महिन्यात पाणी वर दिसायला लागतं. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली ५ सेंटीमीटर ठेवायची, मग डास होत नाहीत. बाहेर जाणारा पाइप वळवता येणाऱ्या एल्बोवर बसवला की पातळी हाताने बदलता येते. कर्दळीचे गड्डे चौरस मीटरला चार.

याच वाफ्यात एमएफसीही बसवता येते: तळाशी हार्ड कोकचा २० सेंटीमीटर थर ॲनोड म्हणून, आणि वर मुळांजवळ फेल्टचा कॅथोड. पण वाफ्याचं बहुतेक काम खडी, मुळं आणि त्यांवरचे जिवाणूच करतात, घट फक्त हातभार लावतो. पैसे कमी असतील तर आधी खडी, मग कर्दळ, आणि उरले तर कोक.

पाणीपरीक्षा

दोन गोष्टी सुटल्या आहेत.

पहिली धातूंची. नाल्याला कुठे वर्कशॉप, प्लेटिंग किंवा एमआयडीसीचं पाणी मिळत असेल तर इलेक्ट्रोड लावण्याआधी गाळातलं जस्त, शिसं, कॅडमियम आणि क्रोमियम तपासा. काळ्या गाळात हे धातू सल्फाइडला धरून बसलेले असतात. इलेक्ट्रोड ते सल्फाइडच मोडतो, म्हणजे धातू सुटून पाण्यात येऊ शकतात. वास गेला म्हणून गाव खूश आणि तेच पाणी जनावरं पितायत, असं होता कामा नये. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं जास्त विषारी रूप, पाण्यात असेल तर ते कॅथोडवर ट्रायव्हॅलंट होऊन कमी घातक होतं, पण त्यासाठी पाणी बरंच आम्लधर्मी लागतं. नाल्याच्या सात-आठ पीएचला ते धीम्या गतीने होतं.

दुसरी तुलनेची. डबक्यात घालण्याआधी २० लिटरच्या सहा बादल्या घ्या, प्रत्येकीत १० सेंटीमीटर गाळ आणि वर नाल्याचं पाणी. तीन बादल्यांत स्नॉर्कल जोडलेला, तीन बादल्यांत तेच फेल्ट पण सर्किट उघडं. उघड्या सर्किटच्या बादल्या नसतील तर "गाळ सुधारला" या वाक्याला अर्थ नाही, कारण नुसता बसून राहिलेला गाळही थोडा सुधारतो. बादल्या सावलीत ठेवा, मे मध्ये रोज सेंटीमीटरभर पाणी उडतं, नळाचं पाणी रात्रभर भांड्यात उघडं ठेवून मग त्याने भरा. दर पंधरा दिवसांनी ॲनोडपासून २, ५ आणि १० सेंटीमीटरवरचा गाळ काढून १०५ अंशाला वाळवा, वजन करा, मग ५५० अंशाला जाळून पुन्हा वजन करा. घटलेलं वजन म्हणजे सेंद्रिय भाग. सल्फाइडसाठी लेड ॲसिटेटची पट्टी गाळाच्या तोंडाशी धरा, किती काळी पडते त्याची दोन्ही गटांत तुलना करा. वजनातला फरक दिसायला तीन-चार महिने लागतील, पट्टीवरचा त्याआधी दिसेल.

डबक्यात उतरताना एकटं कोणी उतरू नका. गाळ तुडवला की हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो, आणि तो जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजू नका. गमबूट, हातमोजे, पायावर जखम असेल तर उतरायचंच नाही. फळी टाकून वरूनच काम झालं तर उत्तम.

नालाकाठ_धुळे

आभारी आहे सगळ्यांचा. फेल्टची मोठी ऑर्डर थांबवली. सहा बादल्या याच आठवड्यात मांडतो आणि तीन गुंठ्यांचा विषय ग्रामसभेत ठेवतो. पावसाळ्यात डबक्यातल्या त्या एका घटाचं काय करायचं? नाल्याला पूर येतो.

फेल्ट_आणि_तार

मृगाआधी कॅथोड आणि थर्माकोल काढून घ्या, पहिल्या लोंढ्यात ते नक्की जातात. आत्ताचा ॲनोड जीआय तारेचा आहे, तोही उपटा. टायटॅनियमचा नवा घातलात तर तो तिथेच राहू द्या, फक्त तारेला दीड मीटर ढील ठेवून टोक बंधाऱ्याच्या भिंतीतल्या कडीला बांधा. ताणून बांधलीत तर पुरातली काडी-कचरा तिला अडकून ॲनोड बाहेर ओढेल. दिवाळीनंतर पाणी निवळलं की ॲनोडवर नवा गाळ किती चढला ते खुणेच्या काठीने मोजा. १५ सेंटीमीटरपर्यंत असेल तर कॅथोड लावून १००० ओहमपासून पुन्हा सुरू करा. त्याहून जास्त असेल तर तारेला धरून हळूहळू हलवत वर घ्या, टाके तपासा आणि नव्या थरात ८-१० सेंटीमीटरवर उभा खुपसा.